स्क्रीनची काच आतून कापडाने का घासतात? समजून घ्या सोप्या भाषेत

जालन्यातला मे महिना. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅल्क्युलेटर राहिला. परत येऊन पाहता, तर अख्खी स्क्रीन काळी! फेकायची घाई करू नका. सावलीत थंड झाल्यावर बहुतेक वेळा आकडे परत दिसतात. कसे? उत्तर काचेच्या आतल्या पृष्ठभागात आहे.

लिक्विड क्रिस्टल म्हणजे काय?

मराठीत याला द्रवस्फटिक म्हणतात. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे काडीसारखे लांबट रेणू एकमेकांना समांतर राहतात. १८८८ मध्ये ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्सर यांना तो पहिल्यांदा आढळला.

दिशा कोण ठरवतं?

रेणू समांतर राहतात, पण कोणत्या दिशेला, हे त्यांना टेकलेला पृष्ठभाग ठरवतो. काचेवर पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर देऊन तो मखमलीसारख्या कापडाने एकाच दिशेने घासतात. त्यामुळे थरातल्या साखळ्या त्या दिशेला ताणल्या जातात आणि बारीक चरेही पडतात. सरीत पडलेली पऱ्हाटी जशी सरीच्या दिशेनेच आडवी होते, तसे रेणू घासलेल्या दिशेने झोपतात. शेजारचे रेणू त्यांचं अनुकरण करतात. पृष्ठभागावर साबणासारख्या रेणूंचा थर दिला, तर हेच रेणू काचेवर उभे राहतात.

मग आकडे कसे दिसतात?

कॅल्क्युलेटरमध्ये दोन काचा असतात. त्यांच्या घासण्याच्या दिशा एकमेकींना काटकोनात, त्यामुळे मधले रेणू जिन्यासारखे ९० अंश वळतात. प्रकाशही त्यांच्यासोबत वळतो आणि बाहेरच्या पोलरायझर फिल्ममधून पार होतो. वीज दिली की मधले रेणू उभे राहतात, प्रकाश अडतो आणि तिथे काळा आकडा दिसतो. वीज बंद केली की काचेला चिकटलेले रेणू बाकीच्यांना पुन्हा जागेवर आणतात.

उन्हात काय बिघडतं?

जास्त उष्णतेने रेणूंची रांग मोडते. प्रकाश वळत नाही, स्क्रीन काळी पडते. पण काचेवरची दिशा पुसली जात नाही. थंड झाल्यावर रेणू पुन्हा तीच दिशा धरतात. मात्र फिल्म खराब झाली किंवा काच फुटली, तर इलाज नाही.

तुमच्या मोबाईलमध्येही हेच आहे का?

एलसीडी स्क्रीन असेल तर हो. अ‍ॅमोलेड असेल तर नाही; त्यात लिक्विड क्रिस्टल नसतात.