‘नामशेष’ या शब्दाविषयी



‘नामशेष’ हा शब्द मी वर्गात आयुष्यभर शिकविला. ज्याचे केवळ नाव उरले, ते नामशेष. एका वृक्षाच्या इतिहासाने मला हा अर्थ पुन्हा तपासावयास लावले.

मोहाचे झाड आपण जाणतो. संस्कृतातील ‘मधूक’, प्राकृतातील ‘महुअ’ आणि आपला ‘मोह’ ही एकाच शब्दाची रूपे होत. वनस्पतिशास्त्रानेही या प्रजातीस ‘मधुका’ असेच नाव दिले. तिच्यातील ‘मधुका इन्सिग्निस’ ही जात एकोणिसाव्या शतकात दक्षिण कर्नाटकात नोंदली गेली. पुढे तिचा मागमूस राहिला नाही. १९९८ साली आंतरराष्ट्रीय लाल यादीने ती नष्ट झाल्याचे नोंदविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, सुमारे १२० वर्षांच्या अज्ञातवासानंतर, ती कर्नाटकाच्याच पश्चिम घाटात नदीकाठी उभी असलेली आढळली.

असेच एक गवत, हबार्डिया. गेरसोप्प्याच्या धबधब्यापाशी १९१९ साली मिळालेले हे गवत संपले, असे मानले जात होते. २००२ साली शिवाजी विद्यापीठाच्या संशोधकांना ते तिलारी घाटात, म्हणजे आपल्या शेजारीच, सापडले.

इतिहासाच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. दप्तरात नोंद नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे आपण म्हणत नाही. मात्र येथे चूक महाग पडते. जे संपले असे ठरले, त्याचा शोध थांबतो आणि त्याची जागा राखण्याचे कारणही उरत नाही. मग काठावरचा तो अखेरचा वृक्ष तुटला, तरी काय तुटले हे तोडणाऱ्यास कळत नाही.

आपल्या नंदगडात १८३१ साली संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिले गेले. त्यांच्या समाधीस्थळीच्या वडावर कोणी कुऱ्हाड उगारणार नाही. कारण त्या वडाची कथा लोकांना ठाऊक आहे. भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य झाले, हे चांगलेच झाले. परंतु त्या रानातील किती झाडांची नावे आज आपल्याला सांगता येतील?

म्हणून एवढीच विनंती. घरातील वृद्धांकडून झाडांची नावे मराठी, कन्नड, कोंकणी, जशी मिळतील तशी टिपून घ्या. झाड कोठे आहे, कोणत्या महिन्यात फुलते, हेही लिहा आणि ती वही या शाळेत ठेवा. मोहाच्या त्या जातीचे निदान नाव उरले होते, म्हणून सापडलेले झाड ओळखता आले. नावही उरले नाही, तर उद्या कोणी काय शोधावे?