मराठी वैद्यशाळेची सहा वर्षे

दिवाळीच्या चार दिवसांत कुणाच्याच पोटाने तक्रार केली नाही असे घर मराठी मुलखात शोधूनच काढावे लागेल. चिवडा-चकलीचा मान राखून झाला की पाडव्यापर्यंत कुणाची छाती जळजळू लागते, कुणाचे पोट गुबारते, आणि कुणाला नुसतेच 'कसंनुसं' होते. डॉक्टरांकडे गेल्यावर हे सारे आपण मराठीत सांगतो, डॉक्टर मराठीत ऐकून घेतात आणि चिठ्ठीवर इंग्रजीत लिहितात. या व्यवहाराची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. पण पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारी सरकारी शाळा मुंबईत पहिल्यांदा निघाली ती १८२६ साली, आणि तिथे शिकवण्याच्या भाषा होत्या आपल्या देशी: मराठी, गुजराती. ग्रँट मेडिकल कॉलेज उघडायला तेव्हा एकोणीस वर्षे अवकाश होता आणि मुंबई विद्यापीठाला एकतीस.

ही शाळा एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकिर्दीत निघाली. पेशवाई बुडून जेमतेम आठ वर्षे झाली होती. नव्या राज्याला पलटणींसाठी आणि सरकारी दवाखान्यांसाठी माणसे हवी होती. विलायतेहून आलेला सर्जन महाग आणि संख्येने थोडा. त्याच्या हाताखाली जखम बांधणारा, औषध कालवणारा, वेळप्रसंगी स्वतः रोगी तपासणारा देशी माणूस तयार करावा, एवढाच सरकारचा हिशेब होता. त्याला 'नेटिव्ह डॉक्टर' म्हणत. या हिशेबात परोपकार किती आणि काटकसर किती हे वाचकांनी आपल्या मनाशी ठरवावे. शाळेची सारी जबाबदारी डॉ. जॉन मॅक्लेनन या एका गृहस्थावर टाकण्यात आली.

मॅक्लेननपुढची अडचण आज नीट लक्षात येत नाही. वर्ग भरला, पण पुस्तक कुठे आहे? इंग्रजी ग्रंथ विद्यार्थ्यांना वाचता येत नव्हते आणि मराठीत तसे ग्रंथच नव्हते. तेव्हा त्यांनी शिकवता शिकवता ग्रंथ करायला घेतले. शरीररचना, औषधे, रोगचिकित्सा मराठीत आणि गुजरातीत उतरवण्याचा उद्योग आरंभला. हा काळ कोणता? मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ साली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण छापले गेले १८३६ साली. म्हणजे ज्या भाषेचा भरवशाचा कोश अजून हाती आलेला नाही आणि व्याकरण अजून मांडून झालेले नाही, त्या भाषेत हा साहेब यकृत आणि प्लीहा समजावून सांगत होता! आयुर्वेदाने जपलेले शब्द हाताशी होते, हे त्याचे आणि आपलेही भाग्य. पण हार्वेच्या रुधिराभिसरणासाठी किंवा विलायती क्षारांसाठी शब्द कुठून आणायचे? काही संस्कृतातून घडवायचे, काही जसेच्या तसे उचलायचे. मराठीत शास्त्र लिहिणारा प्रत्येक जण पुढे याच दोन वाटांवर ठेचकाळत गेला आहे.

सहा वर्षांनी, १८३२ साली, सरकारने शाळा बंद केली. अपेक्षेएवढे फळ पदरी पडले नाही, असे सरकारचे मत झाले. पडणार तरी कसे? एक शिक्षक, त्यानेच पुस्तके करायची, त्यानेच शिकवायचे, आणि तेवढ्या अवधीत पलटणींना पुरतील असे डॉक्टरही द्यायचे! सहा वर्षांत आंब्याचे कलम मोहरते, विद्या मोहरत नाही. कलकत्त्यालाही तेच झाले. तिथली १८२२ ची देशी वैद्यशाळा १८३५ मध्ये मोडीत निघाली आणि तिच्या जागी इंग्रजीतून शिकवणारे मेडिकल कॉलेज उभे राहिले. त्याच वर्षी मेकॉलेसाहेबांचे ते प्रसिद्ध टिपण आले आणि साऱ्या हिंदुस्थानच्या विद्येचे गाडे इंग्रजीच्या रुळावर चढले.

मुंबईचे नवे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय शिक्षणाचा विचार पुन्हा सुरू केला. पण १८३८ साली पुण्याजवळ दापोडीला त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी वर्गणी जमवली, सर जमशेटजी जीजीभाईंनी इस्पितळासाठी लाखाच्या वर रुपये दिले, आणि १८४५ साली भायखळ्याला कॉलेज व इस्पितळ शेजारी शेजारी उघडले. ही शेजारणी जुळली हे फार चांगले झाले. मॅक्लेननच्या शाळेला जे लाभले नव्हते ते इथे पहिल्या दिवसापासून होते: रोगी, खाटा, चिरफाडीची मेजे. पहिले प्रिन्सिपॉल डॉ. चार्ल्स मोरहेड एडिंबरोचे. पुस्तकातला रोग आणि खाटेवरचा रोगी यांत फार अंतर असते, हे त्यांनी पॅरिसच्या इस्पितळांतून पाहिलेले होते. विद्यार्थ्याने रोज वॉर्डात जावे, नाडी धरावी, छातीला कान लावावा, पाहिले ते लिहून ठेवावे, अशी त्यांची शिस्त. मुंबईत पाहिलेल्या रोग्यांच्या आधारावरच त्यांनी १८५६ साली हिंदुस्थानातल्या रोगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

१८५१ मध्ये पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, कामिलो लिस्बोआ अशी नावे त्यांत आहेत. आत्माराम हे दादोबांचे सख्खे धाकटे भाऊ, पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक. एकाच घरातल्या एका भावाने मराठीला व्याकरण दिले आणि दुसऱ्याला आपली विद्या इंग्रजीतून घ्यावी लागली. भाऊ दाजींची गोष्ट तर घराघरांत मुलांना सांगावी अशी. पेडणे महालातले कुटुंब मुंबईस आले, वडील मातीच्या बाहुल्या विकून पोट भरीत. आणि मुलगा पुढे शहराचा नामांकित डॉक्टर, दोनदा शेरीफ आणि प्राचीन शिलालेखांचा मोठा संशोधक झाला. महारोगावर त्यांनी कडू कवठाच्या तेलाचा प्रयोग केला. औषध बराच काळ गुप्त ठेवल्याबद्दल त्यांना बोलही लागले, आणि ते अगदीच अनाठायी होते असे म्हणवत नाही. पण हे झाड त्यांना विलायती पुस्तकाने दाखवलेले नव्हते. इंग्रजी शिकलेल्या या वैद्याचे कान आपल्या मुलखाकडे उघडे होते.

इंग्रजीने दिले ते नाकारण्यात अर्थ नाही. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोला सिम्प्सनने क्लोरोफॉर्मची गुंगी जाहीर केली आणि दोन-तीन महिन्यांत कलकत्त्याला तिचा उपयोग सुरू झाला. मराठी भाषांतराची वाट पाहत बसले असते तर कितीतरी रोग्यांना शुद्धीवर राहूनच पाय कापून घ्यावा लागला असता! तेव्हा कॉलेज इंग्रजीत चालले यात मला दुःख वाटत नाही. खटकते ते निराळेच.

१८६१ साली त्याच ग्रँट कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग पुन्हा उघडले. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांवर माणसे लागत होती आणि पदवीधर शहर सोडायला नाखूश होते. म्हणजे शाळा बंद केल्यानंतर एकोणतीस वर्षांनी सरकार मॅक्लेननच्या दारी परत आले. पण आता घराला दोन मजले झाले होते. इंग्रजीतून शिकला तो पदवीधर, डॉक्टर. मराठीतून शिकला तो 'हॉस्पिटल असिस्टंट', पगाराने आणि मानाने खालचा. मराठी इस्पितळातून कुणी हाकलली नाही. तिला खालच्या बाकावर बसवले, आणि एकदा बाक ठरला की हुशार मुलगा तिथे कशाला बसेल? ग्रँट कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या विद्वानांनी मराठीत वैद्यकाची पुस्तके लिहिली, तरी वरच्या मजल्यावर ती कुणाला लागत नव्हती. १८७८ मध्ये पुण्याला बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल निघाले. त्याचे कॉलेज व्हायला १९४६ साल उजाडले.

या साऱ्यात जी बोलतच नव्हती तिची गोष्ट राहिली. आमच्या पणज्या-खापरपणज्यांना दुखत होते ते सांगायचे कुणाला? डॉक्टर मराठी असला तरी पुरुष. पडद्याआडून हात पुढे करायचा, त्याने नाडी पाहायची, आणि उरलेले सासूने सांगायचे, तेही तिला सांगावेसे वाटेल तेवढेच. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या अनुभवातून त्यांनी डॉक्टर होण्याचा ध्यास घेतला. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, आणि १८८६ च्या मार्चात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून एम. डी. झाल्या. प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे परक्या देशात, परक्या भाषेत, पण विषय घरच्या बाळंतिणीचा. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांचा विभाग त्यांच्या स्वाधीन व्हायचा होता. क्षयाने १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यात गेल्या, तेव्हा वय बावीसही पुरे नव्हते. एका रोग्याला तपासून 'बाई, कुठं दुखतं?' असे त्या वॉर्डात विचारण्याची वेळ आलीच नाही.

योगायोग असा, की त्या निघाल्या त्याच १८८३ साली ग्रँट कॉलेजाने स्त्रियांना दार उघडले आणि तीन वर्षांत कामा इस्पितळ सुरू झाले. सखाराम अर्जुनांच्याच घरात वाढलेली त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला शिकायला गेली, १८९४ मध्ये परत आली, आणि तिने सुरत-राजकोटकडे सारे आयुष्य रुग्णसेवेत घालवले. आनंदीबाईंचे अधुरे राहिलेले काम असे दुसऱ्या मराठी मुलीच्या हातून पुढे गेले.

आता जरा गोव्याकडे. भाऊ दाजींचे पेडणे तेव्हा पोर्तुगीजांकडे होते, आणि पणजीला १८४२ पासून, म्हणजे ग्रँट कॉलेजाच्याही आधीपासून, वैद्यकीय शाळा होती. तिथली भाषा पोर्तुगीज. तिचे पदवीधर पार आफ्रिकेतल्या वसाहतींपर्यंत नोकरीला जात. पण गोव्यात शब्दांची वाट उलटीही चालली होती. १५६३ साली गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यात पटकीसारख्या रोगाचे इथल्या लोकांच्या तोंडचे नाव त्याने टिपून ठेवले आहे: ती आपली 'मोडशी'. पोर्तुगिजांनी तिचे मोर्देशीं केले, आणि फ्रेंचांच्या कानांना ते 'मॉर द शियां', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे ऐकू आले. आजीच्या तोंडची मोडशी युरोपभर असा वेष पालटून हिंडली!

गोव्यातल्याच हडफडे गावचे आणि ग्रँट कॉलेजात शिकलेले डॉ. अकासियो व्हिएगश १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात रोगी पाहत होते. तापाने फणफणलेल्या, काखेत-जांघेत गाठी आलेल्या माणसांना पाहून हा प्लेग आहे असे पहिल्यांदा त्यांनी म्हटले. असे निदान सचिवालयात बसून होत नाही. पुढच्या वर्षी पुण्यात गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून प्लेगचे रोगी हुडकायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी रोगी माळ्यावर लपवले. त्या शिपायांची भाषा कुणाला कळत नव्हती, आणि शिपायांनाही लोकांचे काही ऐकायचे नव्हते.

मराठवाड्याचा अनुभव आणखी तिसरा. तो १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवीत. मराठी घरातला मुलगा तिथे डॉक्टर व्हायला गेला की त्याला अवयवांची नावे उर्दूत पाठ करावी लागत. देशी भाषेत उच्च वैद्यक शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. आणि येते असे म्हणणाऱ्यांनीही, त्यामागे एका संस्थानाचा खजिना आणि भाषांतराचे स्वतंत्र खाते उभे होते, हे विसरू नये. मॅक्लेननच्या पाठीशी यातले काहीच नव्हते. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने एम. बी. बी. एस. ची पहिली हिंदी पुस्तके काढली. तिथेही सहा वर्षांत हिशेब मागितला जाऊ नये, एवढीच इच्छा.

आपल्याकडे कॉलेज इंग्रजीतच आहे. मात्र २०१९ पासून अभ्यासक्रम बदलला, तेव्हा आरंभी पायाभूत वर्ग जोडण्यात आला आणि त्यात स्थानिक भाषेची ओळख करून देण्याचे ठरले. सरकारी कॉलेजांतल्या शंभरांतल्या पंधरा जागा साऱ्या देशासाठी खुल्या असतात. त्यामुळे केरळचा मुलगा, हरियाणाची मुलगी भायखळ्याला किंवा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, येऊन पोहोचतात. त्यांची इंग्रजी उत्तम असते. पण खाटेवरची म्हातारी पोटात मुरडा मारतो म्हणते, पाठीत चमक भरते म्हणते, रात्रभर ठणका लागला म्हणते, जीव घाबरा झाला म्हणते. आणि यातल्या एकाही शब्दाला त्यांच्या जाडजूड पुस्तकात उत्तर सापडत नाही. मग शेजारच्या खाटेवरचा रोगी किंवा वॉर्डातली सिस्टर ते समजावून सांगते, आणि ही मुले मल्याळम्‌मध्ये, नागरीत, जमेल त्या लिपीत वहीत लिहून घेतात: कळ, ठणका, चमक, मुरडा.