पारपत्राची मुदत आणि नूतनीकरण (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

पारपत्र (पासपोर्ट) : परदेशी जाणाऱ्या नागरिकाला त्याच्या देशाने दिलेला ओळखीचा व राष्ट्रीयत्वाचा दस्तऐवज. भारतात तो पारपत्र अधिनियम, १९६७ खाली दिला जातो. या कायद्याच्या १७ व्या कलमानुसार पारपत्र ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. आपल्याकडे ते केवळ वापरापुरते असते. कोऱ्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतात. पुस्तिकेची मुदत आणि प्रवासाआधी करायचे नूतनीकरण, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

कल्याणात बालपण गेलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा पारपत्राची सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत जगभर रुजली आणि भारतात १९२० च्या कायद्याने पक्की झाली. आज ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत परदेशात कोणीच नाही असे नातेवाइकांचे गोतावळे कमी. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई, मुलाकडे काही महिने राहायला जाणारे निवृत्त वडील, आखातात नोकरी लागलेला तंत्रज्ञ आणि मेच्या सुट्टीत सिंगापूर-दुबईच्या सहलीला निघालेले कुटुंब, या सर्वांना मुदतीचा हिशेब करावाच लागतो.

मुदत : प्रौढांचे पारपत्र १० वर्षांचे असते. अठराच्या आतल्या मुलांचे ५ वर्षांचे, किंवा मूल १८ वर्षांचे होईपर्यंतचे, यांत जे आधी येईल ते. १५ ते १८ वयोगटात पूर्ण १० वर्षांचे पारपत्र मागता येते. घोटाळा बहुतेक वेळा मुलांच्याच पारपत्रात होतो. आईवडिलांची पारपत्रे एकदम काढलेली, त्यांच्या तारखा लक्षात असतात. पण बाळ वर्षाचे असताना काढलेली पुस्तिका ते पहिलीत जाते न जाते तोच संपते, आणि सहलीचे पैसे भरून झाल्यावर ते ध्यानात येते. मुदतीची तपासणी म्हणून घरातल्या धाकट्यापासून सुरू करावी.

फोटोच्या पानावर छापलेली तारीख आणि प्रवासाला चालणारी तारीख या वेगळ्या असतात, हा या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती अशा अनेक देशांत पोचल्याच्या दिवसापासून पुढे किमान ६ महिने मुदत शिल्लक असावी लागते. समजा, पारपत्र २० ऑक्टोबर २०२७ ला संपणार आहे आणि सिंगापूरला १५ मे २०२७ ला उतरायचे आहे. सहा महिने १५ नोव्हेंबरला पुरे होतात. पारपत्र हातात पाच महिने जिवंत असूनही या सहलीला ते चालणार नाही. युरोपातील शेंगेन देशांचा हिशेब निराळा : तिथून बाहेर पडण्याच्या तारखेपुढे ३ महिने मुदत हवी आणि पारपत्र गेल्या १० वर्षांत दिलेले हवे. नेपाळला भारतीय नागरिक मतदार ओळखपत्रावरही जाऊ शकतात.

नियम परदेशाचा असला तरी प्रवासी अडतो तो मुंबई विमानतळावर, चेक-इनच्या खिडकीशी. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा बोजा आणि दंड विमान कंपनीवर पडतो. म्हणून तिथले कर्मचारी मुदत बघितल्याखेरीज बोर्डिंग पास देत नाहीत. त्या खिडकीशी विनवणीचा उपयोग होत नाही.

मुदतीइतकीच कोऱ्या पानांकडेही नजर हवी. व्हिसाच्या चिकट्या आणि शिक्के यांसाठी अनेक देश किमान दोन कोरी पाने मागतात. पाने संपली तर मुदत बाकी असूनही नवी पुस्तिका घ्यावी लागते. वारंवार फिरणाऱ्यांनी ३६ ऐवजी ६० पानांची पुस्तिका घ्यावी.

नूतनीकरण : बोलण्यात आपण ‘पासपोर्ट रिन्यू केला’ म्हणतो; नियमांच्या भाषेत ती पुनर्जारी असते. नवी पुस्तिका मिळते, नवा क्रमांक मिळतो आणि जुन्या पुस्तिकेतले उरलेले महिने नव्या मुदतीत मिळवले जात नाहीत. मुदत संपण्याआधी १ वर्षापासून अर्ज करता येतो. उरलेले महिने वाया जातात म्हणून थांबणे हा खोटा हिशेब आहे, कारण शेवटचे सहा महिने बऱ्याच देशांसाठी तसेही निरुपयोगी असतात. जुन्या पुस्तिकेत अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर तो रद्द होत नाही; दोन्ही पुस्तिका सोबत न्याव्यात.

२०१२ च्या ऑक्टोबरपासून प्रौढांसाठी ३६ पानांचे शुल्क १,५०० रुपये व ६० पानांचे २,००० रुपये आहे. तत्काळसाठी वर २,००० रुपये. अर्ज सरकारच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरच भरावा. तशाच दिसणाऱ्या, जादा पैसे उकळणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून परराष्ट्र मंत्रालयाने वेळोवेळी सावध केले आहे. पैसे भरून वेळ ठरवायची आणि त्या दिवशी मूळ कागद घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रावर जायचे. तिथे ए, बी, सी अशा तीन काउंटरांवरून फाइल पुढे सरकते : पहिल्यावर फोटो व बोटांचे ठसे, दुसऱ्यावर कागदांची पडताळणी, तिसऱ्यावर मंजुरीचा निर्णय. चार वर्षांखालील मुलाचा फोटो घरूनच न्यावा लागतो.

ठाण्याला पूर्वी स्वतंत्र प्रादेशिक पारपत्र कार्यालय होते, वागळे इस्टेटमध्ये. पुढे ते मुंबईच्या कार्यालयात विलीन झाले. मुंबईचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, २०१७ मध्ये उघडलेल्या विदेश भवनात आहे. जनतेचे नेहमीचे काम मात्र सेवा केंद्रांत होते आणि ठाण्यात असे केंद्र आहे. जून २०१८ मध्ये देशात कुठूनही अर्ज करण्याची मुभा जाहीर झाली; त्यामुळे ठाण्यात वेळ मिळाली नाही तर दुसरीकडची घेता येते. पोलीस पडताळणी मात्र अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते.

पत्त्याचा प्रश्न : या पट्ट्यातले सर्वांत अवघड प्रकरण हेच. जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू असल्याने स्वतःचे घर असलेली कुटुंबेही दोन-तीन वर्षे भाड्याने राहतात. आधार जुन्या पत्त्यावर, वीजबिल बंद झालेल्या मीटरचे, आणि राहणे तिसऱ्याच सोसायटीत. अर्जात सध्या प्रत्यक्ष राहतो तोच पत्ता द्यावा लागतो. पाडलेल्या इमारतीचा पत्ता दिला तर पोलिसांना तिथे पत्र्याचे कुंपण दिसते आणि अहवाल प्रतिकूल जातो. नोंदणीकृत भाडेकरार पुरावा म्हणून चालतो. साध्या स्टँप पेपरवरचा नोंदणी न केलेला करार चालत नाही. घर रिकामे करतानाच भाडेकरार नोंदवावा आणि आधारवरचा पत्ता बदलावा.

अर्जात पोलीस ठाण्याचे नावही अचूक हवे. डोंबिवलीत रामनगर, विष्णूनगर, टिळकनगर आणि मानपाडा, तर कल्याणात महात्मा फुले चौक, बाजारपेठ, खडकपाडा आणि कोळसेवाडी ही सारी ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. पण टिटवाळा महापालिका हद्दीत असूनही पोलिसांच्या दृष्टीने ठाणे ग्रामीणमध्ये मोडतो. चुकीचे ठाणे निवडले की फाइल इकडून तिकडे फिरत राहते.

नावाचा प्रश्न : मराठी रीतीने नाव तीन भागांचे असते, अर्जात मात्र नाव व आडनाव असे दोनच रकाने आहेत. वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहायचे असल्यास ते पहिल्या रकान्यात, स्वतःच्या नावापुढे येते. नूतनीकरणात नावाचे स्पेलिंग जुन्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे आणि विमानाचे तिकीटही त्याच अक्षरांत काढावे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या बदलांनंतर विवाहाचा दाखला देण्याची सक्तीही राहिलेली नाही.

ई-पारपत्र : १ एप्रिल २०२४ पासून प्रायोगिक पातळीवर आणि नंतर देशभर, चिप बसवलेली पुस्तिका देणे सुरू झाले. हाताशी असलेले साधे पारपत्र त्यामुळे बाद होत नाही. छापील मुदतीपर्यंत ते चालते. याआधी मोठा बदल झाला तो हाताने लिहिलेल्या पुस्तिकांचा : यंत्राने वाचता न येणारी पारपत्रे २४ नोव्हेंबर २०१५ नंतर आंतरराष्ट्रीय प्रवासातून बाद झाली, आणि २० वर्षांच्या मुदतीच्या जुन्या पुस्तिका त्यात निकामी ठरल्या.

तत्काळचा आधार शेवटचा धरावा. त्यात मंजुरी लवकर मिळू शकते, तरी ती पारपत्र अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते. तिकीट काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाची पुस्तिका उघडून फोटोच्या पानावरची तारीख वाचावी, आणि एक वर्षाहून कमी उरले असेल तर आधी नूतनीकरणाचा अर्ज भरावा.