गाडगेबाबांच्या कीर्तनातले हसू

१९०७ साली जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. का. र. कीर्तिकर. पेशाने ते लष्करी डॉक्टर, आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरच्या मोठ्या ग्रंथाचे एक लेखक म्हणून आजही त्यांचे नाव घेतले जाते. या संमेलनात धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटल्या आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. ही हकिकत खानदेशातल्या बहुतेक मराठीच्या शिक्षकांना ठाऊक असते.

त्या मंडपात बसलेले लोक वाचणारे होते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. १९११ च्या जनगणनेत देशात शंभरात सहाच्या आसपास माणसे साक्षर होती. धरणगाव, एरंडोल, चोपड्याच्या बाजाराला येणारा शेतकरी, सालदार, भाजी विकणारी बाई यांच्यापर्यंत छापील अक्षर पोचतच नव्हते. १८९६ पासून प्लेग होता, पटकीच्या साथी तर नेहमीच्याच. सावकाराचे कर्ज होते, जत्रेतला बोकड होता. हे सगळे त्या माणसाला कोण समजावून सांगणार, आणि कोणत्या भाषेत?

खानदेशाला लागूनच वऱ्हाड आहे. तिथून वाहत येणारी पूर्णा नदी आपल्याच जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. या पूर्णेच्या काठी, अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचनच्या जत्रेत, डोक्यावर फुटके मडके घेतलेला आणि हाती खराटा असलेला एक माणूस त्याच काळात घाट झाडताना लोकांना दिसू लागला होता. त्याचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६, गाव शेंडगाव, जात परिटाची. बाप दारूपायी गेलेला, बालपण मामाकडे दापुऱ्याला गुरे राखण्यात गेलेले. १९०५ साली त्याने घर सोडले. हातातल्या गाडग्यावरून लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले.

गाडगेबाबांची स्वच्छता, त्यांच्या धर्मशाळा, अन्नदान यांबद्दल आपण शाळेत दर वर्षी बोलतो. त्यांच्या कीर्तनात लोक पोट धरून हसत, ही गोष्ट मात्र आपण चवीपुरती सांगून पुढे जातो. माझ्या मते शिक्षकाने थांबावे ते नेमके तिथेच. ते हसू कसे तयार होत होते आणि त्याने काय काम केले, हे पाहण्यासारखे आहे.

हसवून शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडात विंचू, भुत्या, जोशी अशी सोंगे आणली. एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुल्यांनी हीच रीत नव्या कामाला लावली. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एक भटजी गरोदर कुणबिणीला पोटातल्या मुलावर ग्रहांचे संकट आहे असे सांगून लुबाडतो, ही त्याची कथा. यात एक विदूषक आहे. तो मध्येमध्ये येऊन घडते आहे त्यातली फसवणूक प्रेक्षकाला दाखवून देतो. शेवटी ते नवरा-बायको शिकायला फुल्यांच्या शाळेकडे वळतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले. विदूषकाला तब्बल सव्वाशे वर्षे पडद्याआड बसावे लागले!

फुल्यांच्या नाटकात शहाणपण विदूषकाच्या तोंडी आहे, प्रेक्षक ऐकतो. गाडगेबाबांनी याच्या पुढची पायरी गाठली. त्यांनी बोलण्याचे काम प्रेक्षकावरच टाकले.

नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, बुवा निरूपण करतात आणि आख्यान लावतात. गाडगेबाबांच्या कीर्तनात 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला'चा गजर असे आणि बाकी बहुतेक प्रश्नच असत. प्रश्न सोपे, सगळ्या समुदायाला एकदम विचारलेले. समुदाय एका आवाजात उत्तर देई. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. ते मिळवून ऐकावे. त्यात ते देवळातल्या देवाबद्दल विचारतात. रात्री देवळात दिवा नसला तर देव दिसेल का? लोक म्हणतात, नाही. दिव्यामुळे देव दिसतो ना? हो. मग मोठा कोण, दिवा की देव? इथे क्षणभर लोक अडखळतात, आणि मग हसू फुटते.

सत्यनारायणाच्या पोथीवरही ते असेच येत. पोथीत साधुवाण्याची बुडालेली नौका प्रसादाने वर येते, हे सगळ्यांना पाठ. हे खरे ना, असे विचारून ते पुढचे पाऊल टाकत. महायुद्धात इतक्या बोटी समुद्रात बुडाल्या, तर किनाऱ्यावर सत्यनारायण घालून त्या वर का काढू नयेत?

इथे विनोद वेगळा चिकटवलेला नाही. भाषण रटाळ झाले म्हणून मध्ये एक चुटका टाकला, असे ते नाही. श्रोता स्वतःच्या तोंडाने एक विधान करतो. मग स्वतःच्याच तोंडाने दुसरे करतो. दोन्ही शेजारी ठेवली की त्यांचे जुळत नाही, आणि हे ज्या क्षणी ध्यानात येते त्या क्षणी हसू येते. गणितात आपण एखादे गृहीतक खरे मानून विसंगतीपर्यंत जातो आणि मग ते सोडून देतो. रचना तीच आहे. हसू काढून टाकले तर युक्तिवादही उरत नाही.

प्रश्न विचारून विसंगती दाखवण्याची रीत म्हटली की सॉक्रेटिसाचे नाव निघते. पण एक फरक आहे, आणि वर्गात शिकवणाऱ्याने तो ध्यानात घ्यावा. सॉक्रेटिस एका माणसाला धरून प्रश्न विचारी. चारचौघांत त्या एकाचे अज्ञान उघडे पडे, बघे हसत, आणि तो माणूस दुखावून घरी जाई. इ. स. पू. ३९९ मध्ये अथेन्सने त्याला विषाचा प्याला दिला त्याची कारणे बरीच होती, पण असे दुखावलेले लोकही त्यांत होते. गाडगेबाबांच्या समोर उत्तर चुकते ते सगळ्यांचे मिळून. एकटा कोणी उघडा पडत नाही. त्यामुळे चूक कबूल करणे सोपे जाते. आणि हसण्यासारखे सगळ्यांत आधी कोण दिसत होते? चिंध्यांचे कपडे घातलेला, फुटके मडके डोक्यावर घेतलेला तो स्वतः. ज्याचे गटार सकाळी त्याने उपसले, तोच रात्री समोर बसलेला असे. अशा माणसाच्या प्रश्नाचा राग धरणे कठीणच.

मानसशास्त्रज्ञांनी वर्गातल्या विनोदावर बरेच प्रयोग केले आहेत. १९७७ साली अमेरिकेत कॅप्लन आणि पॅस्को यांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एकाच व्याख्यानाचे निरनिराळे नमुने दाखवले. एकात विनोद नव्हता, एकात मुद्द्याशी जोडलेला विनोद होता, एकात मुद्द्याशी संबंध नसलेला, आणि एकात दोन्ही. लगेच परीक्षा घेतली तेव्हा विनोदाचा फायदा दिसला नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा घेतली तेव्हा मात्र ज्या मुद्द्याला जोडून विनोद होता तो मुद्दा अधिक लक्षात राहिलेला आढळला. १९८८ साली अव्नेर झिव यांनी इस्राएलमध्ये संख्याशास्त्राच्या वर्गात पूर्ण सत्रभर प्रयोग केला. विषयाला धरून विनोद वापरलेल्या गटाचे गुण जास्त आले. याच्या उलट २०१८ साली अमेरिकेतच झालेल्या प्रयोगांत, विनोदी उदाहरणे मिळालेल्या विद्यार्थ्यांना साधी उदाहरणे मिळालेल्यांपेक्षा कमी आठवले. म्हणजे हसवले की शिकवणे झाले, असे विज्ञान म्हणत नाही. मुलाला चुटका आठवतो आणि त्यातले तत्त्व आठवत नाही, हा अनुभव आपल्यालाही असतो. जिथे विनोद आणि मुद्दा ही दोन वेगळी ओझी होतात, तिथे मूल हलके ओझे उचलते आणि जड ठेवून देते.

हसण्याला आणखी एक मर्यादा आहे. माणूस पोटभर हसतो, घरी जातो, आणि पुढच्या पौर्णिमेला सत्यनारायण घालतो. गाडगेबाबांना हे कळत होते असे त्यांच्या दिवसाच्या आखणीवरून दिसते. सकाळी गाव झाडायचे, कीर्तन रात्री. काम आधी, बोलणे मागून. कीर्तनातही हसू ओसरले की ते मागणी करत, आणि मागणी अगदी साधी असे. जेवायचे ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. या वाक्यावर कोणी हसत नसे. आधीच्या हसण्याने जमीन भुसभुशीत झालेली असे, त्यात हे बी पडे. त्यांनी उभारलेल्या पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेची इमारत १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे गेली, ती शिक्षणासाठीच.

राहिला भाषेचा मुद्दा. आपल्या भागात तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गाडगेबाबा वऱ्हाडी बोलत. मुंबईच्या पोलिसांसमोरही त्यांनी बोली बदलली नाही. त्याच काळात शहरी रंगभूमीवर बोली बोलणारे पात्र बहुधा गडी किंवा मोलकरीण असे, आणि त्याची बोली हाच विनोद असे. गाडगेबाबांच्या कीर्तनात बोलीला कोणी हसले नाही, कारण तिथे तर्क बोलीतच चालला होता.

धरणगाव तालुक्यातल्या शाळेत पहिलीत येणारे मूल घरी अहिराणी बोलत असते. वर्गात ते उभे राहून घरचा शब्द बोलते, पाठ्यपुस्तकातला नाही. कोणीतरी फिसकन हसते आणि सगळा वर्ग हसतो. शिक्षकही हसले तर ते मूल पुढे दोन-चार वर्षे हात वर करत नाही. हेही वर्गातले हसूच आहे, आणि विनोदावरच्या आपल्या चर्चांत ते बहुधा येत नाही.

आता एक करून पाहता येईल. ग्रहणाचा पाठ आला की सूर्य, चंद्र, पृथ्वीची आकृती काढण्याआधी सगळ्या वर्गाला एकदम विचारावे. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरले, कापले तर काय होते? घरोघरी ऐकलेले उत्तर मुले एका आवाजात देतील. मग विचारावे, तुमच्यापैकी कोणाकडे गाभण म्हैस आहे? चार हात वर होतील. ग्रहणात ती कडबा खाते का? दातांनी तोडूनच खाते ना? तिच्या रेडकाचा कान कापला गेला का? उत्तर मुलांनी ज्या बोलीत दिले त्या बोलीतच पुढचा प्रश्न विचारावा. आणि एखादी मुलगी म्हणालीच की म्हशीला ग्रहण कळत नाही, म्हणून तिला लागत नाही, तर घाई न करता तोच प्रश्न सगळ्या वर्गापुढे ठेवावा: न कळणाऱ्याला ग्रहण लागत नसेल, तर ते आकाशातून येते की कुठून?