फूटपाथवरचा प्रश्न

स्वतंत्रपणे चित्रपट करणारे आणि गाणारे लोक आपल्या कामाविषयी काय बोलतात, हा आजचा विषय. अशा बोलण्यातली अडचण सॉक्रेटिसनं फार पूर्वी सांगून ठेवलीय. तो कवींकडे गेला, त्यांच्याच कवितांचा अर्थ त्यांना विचारला, आणि त्याच्या ध्यानात आलं की आजूबाजूला उभी असलेली माणसं कवींपेक्षा बरं सांगतात. कवींवर हा जरा अन्यायच आहे. पण आजूबाजूच्या माणसांकडे बघा, ही सूचना आपण धरून ठेवू.

आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ 1985 चा. मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जात होत्या, त्या दिवसांतला. त्यात एक बाई चक्क कॅमेऱ्यावर चिडते. आमचं चित्रण करून तुमचं नाव होणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख. एखाद्या समीक्षकानं याहून अवघड प्रश्न दिग्दर्शकाला विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. तो प्रसंग कापून टाकणं संकलनात किती सोपं होतं! पटवर्धनांनी तो ठेवला.

याच चित्रपटात विलास घोगरे गातात. दलित समाजातले, आव्हान नाट्य मंच या डाव्या पथकातले शाहीर. पुढे 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण मेले. चार दिवसांनी घोगऱ्यांनी गळफास घेतला. डोक्याला निळं कापड बांधलेलं होतं. लाल झेंड्याखाली गायलेल्या माणसानं शेवटी निळं का बांधलं? ज्याला विचारायचं, तोच गेलेला.

मग पटवर्धन आजूबाजूच्या माणसांकडे गेले. घोगऱ्यांचे जिवलग, रमाबाई नगरातले लोक, संभाजी भगतांसारखे सोबती शाहीर, नव्या पिढीतले कबीर कला मंचाचे गायक. यात चौदा वर्षं गेली. कोणी म्हणेल, एका चित्रपटाला एवढा वेळ? पण बघा, गोळीबाराच्या खटल्यात पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं शिक्षा सुनावली तीच मुळी 2009 मध्ये. घटना संपलेली नसताना तिचा इतिहास कसा पुरा करणार? ‘जय भीम कॉम्रेड’ 2011 मध्ये पुरा झाला. तीन तासांहून मोठा आहे, आणि त्यातली गाणी मधे चव बदलायला घातलेली नाहीत. निवेदकानं जे सांगायचं ते इथं शाहीर सांगतात.

जानेवारी 2012 मध्ये तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला. आपल्या माझगावला अगदी लागून. 1896 च्या प्लेगनंतर सरकारनं जो सुधार ट्रस्ट काढला, त्याच्या या चाळी. ज्या वस्त्यांविषयी चित्रपट, तिथंच तो आधी न्यायचा. फूटपाथवरच्या त्या बाईला दिलेलं हे उत्तर आहे असं मी मानतो. पुरतं उत्तर नव्हे, कारण तिचं घर काही त्यानं परत येत नाही.

गाणाऱ्याला सरकारही प्रश्न विचारतं, हे विसरू नका. ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये जिचा आवाज आपण ऐकतो ती शीतल साठे. नक्षलवाद्यांशी संबंधाचा आरोप आला, भूमिगत व्हावं लागलं, आणि 2 एप्रिल 2013 ला ती सचिन माळीसह विधान भवनासमोर हजर झाली. ती तेव्हा गरोदर होती.

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ आला 2014 मध्ये. त्यात एका शाहिरावर खटला चालतो, की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. कथा काल्पनिक. तरी घोगऱ्यांची गोष्ट माहीत असलेल्याला ही उलटी फिरलेली कहाणी बघताना अस्वस्थ व्हायला होतं. गाण्यानं माणूस मेला का, याची तारखांवर तारखा पडत चौकशी. आणि गाणारा का मेला, ते विचारायला कोर्ट नाही. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते होते, व्यवसायानं नट नव्हते. आणि पडद्यावर ते जी गाणी गातात, ती घोगऱ्यांचे जुने सोबती संभाजी भगत यांची.