नॅशनल फुटबॉल लीगमधील पारंपरिक प्रतिस्पर्धा

नॅशनल फुटबॉल लीगमधील पारंपरिक प्रतिस्पर्धा म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघांच्या विशिष्ट जोड्यांमध्ये निर्माण झालेली आणि पुढील पिढ्यांपर्यंत चालत आलेली चुरस होय. अशा जोडीतील सामन्याला गुणतक्त्यातील स्थानापलीकडचे महत्त्व असते. दोन्ही संघ हंगामाच्या शर्यतीतून बाद झाले असले, तरी या सामन्याचा निकाल त्या शहरांत वर्षभर चर्चिला जातो. शिकागो बेअर्स व ग्रीन बे पॅकर्स, डॅलस काउबॉइज व वॉशिंग्टन कमांडर्स, तसेच पिट्सबर्ग स्टीलर्स व क्लीव्हलँड ब्राउन्स या जोड्या त्यांपैकी प्रमुख आहेत. हा खेळ भारतात फुटबॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळापेक्षा वेगळा असून त्यात अंडाकृती चेंडू प्रामुख्याने हाताने फेकला वा वाहून नेला जातो.

पार्श्वभूमी

लीगची स्थापना १९२० साली ओहायो राज्यातील कँटन येथे अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन या नावाने झाली. १९२२ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. १९६० मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग ही स्पर्धक लीग सुरू झाली. दोन्ही लीगच्या विलीनीकरणाचा करार १९६६ मध्ये झाला व तो १९७० मध्ये पूर्णपणे अमलात आला. २००२ पासून लीगमध्ये ३२ संघ असून ते दोन कॉन्फरन्समध्ये आणि प्रत्येकी चार संघांच्या आठ विभागांत वाटलेले आहेत.

प्रतिस्पर्धेच्या दृष्टीने ही विभागरचना निर्णायक ठरते. २०२१ पासून प्रत्येक संघ नियमित हंगामात १७ सामने खेळतो. त्यांपैकी ६ सामने स्वतःच्या विभागातील तीन संघांशी होतात; प्रत्येकाशी एक घरच्या मैदानावर व एक त्यांच्या मैदानावर. याउलट दुसऱ्या कॉन्फरन्समधील एखाद्या संघाशी चार वर्षांत एकदाच गाठ पडू शकते. त्यामुळे बहुतेक दीर्घायुषी प्रतिस्पर्धा एकाच विभागातील संघांमध्ये आढळतात.

उगम

भौगोलिक सान्निध्य

सर्वांत जुन्या प्रतिस्पर्धा शेजारच्या शहरांमधील आहेत. लीगच्या सुरुवातीच्या काळात संघ रेल्वेने प्रवास करीत आणि उत्पन्नाचा मुख्य आधार तिकीटविक्री हाच होता. जवळच्या संघाशी सामना ठेवल्यास प्रवासखर्च वाचे आणि पाहुण्या संघाचे समर्थकही मोठ्या संख्येने येत.

बेअर्स व पॅकर्स ही जोडी याचे ठळक उदाहरण आहे. शिकागो व ग्रीन बे या शहरांमधील अंतर सुमारे ३३० किलोमीटर आहे. त्यांचा पहिला सामना २७ नोव्हेंबर १९२१ रोजी झाला व त्यात शिकागोने २०–० असा विजय मिळवला. शिकागोचा संघ तेव्हा स्टेलीज या नावाने खेळत होता. पुढे हे संघ दोनशेहून अधिक वेळा एकमेकांसमोर आले असून लीगमधील अन्य कोणत्याही जोडीने इतके सामने खेळलेले नाहीत. लीगची सर्वाधिक विजेतेपदेही याच दोन संघांकडे आहेत; पॅकर्सकडे १३ व बेअर्सकडे ९.

या चुरशीत महानगर विरुद्ध लहान शहर असाही पदर आहे. ग्रीन बेची लोकसंख्या सुमारे १ लाख असून लीगमधील शहरांत ते सर्वांत लहान आहे. पॅकर्स संघ एखाद्या धनिकाच्या मालकीचा नसून १९२३ पासून तो नागरिक भागधारक असलेल्या ना-नफा कंपनीच्या मालकीचा आहे.

मालक व प्रशिक्षक

काही प्रतिस्पर्धांचे मूळ मैदानाबाहेरील व्यवहारांत आहे. डॅलस व वॉशिंग्टन यांच्यातील वैर डॅलसचा संघ अस्तित्वात येण्यापूर्वीच सुरू झाले होते. वॉशिंग्टन संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांचा डॅलसला संघ देण्यास विरोध होता. त्यांच्या संघाचे सामने तेव्हा दक्षिणेतील राज्यांमध्ये दूरचित्रवाणीवरून दाखवले जात. नव्या संघामुळे ही बाजारपेठ विभागली जाणार होती. डॅलसचे उद्योजक क्लिंट मर्चिसन यांनी वॉशिंग्टन संघाच्या गौरवगीताचे हक्क त्याच्या संगीतकाराकडून विकत घेतले. या गीताचे शब्द मार्शल यांच्या पत्नी कोरीन ग्रिफिथ यांचे होते. अखेर मार्शल यांनी डॅलसच्या बाजूने मत दिले आणि गीताचे हक्क त्यांना परत मिळाले. काउबॉइज संघ १९६० मध्ये मैदानात उतरला. पुढे १९७१ ते १९७७ या काळात वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जॉर्ज ॲलन यांनी डॅलसविरुद्धच्या सामन्याला जणू हंगामाचे केंद्रच बनवले.

ओहायो राज्यातील क्लीव्हलँड ब्राउन्स व सिनसिनाटी बेंगॉल्स या संघांच्या चुरशीमागे पॉल ब्राउन ही एकच व्यक्ती आहे. क्लीव्हलँड संघाला त्यांचेच नाव देण्यात आले होते. मालक आर्ट मॉडेल यांनी जानेवारी १९६३ मध्ये त्यांना प्रशिक्षकपदावरून दूर केले. ब्राउन यांनी १९६८ मध्ये सिनसिनाटीचा संघ उभा केला आणि १९७० मध्ये दोन्ही संघ एकाच विभागात आले.

निर्णायक सामना

एखाद्या सामन्यातील वादग्रस्त वा अनपेक्षित क्षणही प्रतिस्पर्धेला जन्म देतो. २३ डिसेंबर १९७२ रोजी पिट्सबर्ग येथे स्टीलर्स व ओकलंड रेडर्स यांच्यात बाद फेरीचा सामना झाला. अखेरच्या सेकंदांत टेरी ब्रॅडशॉ यांनी फेकलेला चेंडू खेळाडूंच्या धडकेतून उडाला आणि जमिनीवर पडण्याआधी फ्रँको हॅरिस यांनी तो झेलून टचडाउन केला. स्टीलर्स १३–७ असे जिंकले. तत्कालीन नियमानुसार चेंडू लागोपाठ एकाच संघाच्या दोन खेळाडूंना लागल्यास झेल अवैध ठरत असे. धडकेत चेंडूला स्पर्श कोणाचा झाला, हा वाद तेव्हापासून कायम आहे. यानंतरच्या चार हंगामांतही हे संघ बाद फेरीत एकमेकांसमोर आले.

संघाचे स्थलांतर

अमेरिकेत संघ ही खाजगी मालमत्ता असल्याने मालक तो दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. अशा स्थलांतरातून उद्भवलेले वैर विशेष कडवट असते. मार्च १९८४ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्स संघाचे सामान रातोरात ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला हलवण्यात आले व बाल्टिमोर संघाविना राहिले. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी आर्ट मॉडेल यांनी ब्राउन्स संघ क्लीव्हलँडहून बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. एका शहराची भरपाई दुसऱ्या शहराच्या नुकसानीतून झाली. क्लीव्हलँडच्या नागरिकांनी व नगर प्रशासनाने दिलेल्या लढ्यानंतर संघाचे नाव, रंग व इतिहास क्लीव्हलँडकडेच राहील, अशी तडजोड झाली. बाल्टिमोरचा संघ १९९६ मध्ये रेव्हन्स या नावाने, तर पुनरुज्जीवित ब्राउन्स संघ १९९९ मध्ये खेळू लागला. दोघांना एकाच विभागात स्थान मिळाले. २००० च्या हंगामात रेव्हन्सने सुपर बोल जिंकला, तेव्हा क्लीव्हलँडमध्ये ही जखम अधिकच खोल झाली.

टिकून राहण्याची कारणे

खेळाडू व प्रशिक्षक बदलत असले तरी प्रतिस्पर्धा टिकते, कारण तिचे खरे वाहक समर्थक असतात. हंगामी तिकिटे अनेक कुटुंबांत वारशाने पुढे जातात आणि त्यांबरोबर आवडता व नावडता संघही ठरतो. १९९३ पासून करार संपलेल्या खेळाडूंना संघ बदलण्याचे अधिक स्वातंत्र्य मिळाले. परिणामी कालचा नायक आज शत्रुपक्षात दिसू शकतो. १९९२ ते २००७ या काळात पॅकर्सचे क्वार्टरबॅक असलेले ब्रेट फार्व्ह २००९ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या प्रतिस्पर्धी संघाकडून ग्रीन बे येथे खेळले, तेव्हा त्यांच्याच जुन्या समर्थकांनी त्यांची हुर्यो उडवली. पुढे पॅकर्सने त्यांचा ४ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला.

लीगचे प्रशासनही प्रतिस्पर्धा जपते. २००२ च्या पुनर्रचनेत डॅलसचे भौगोलिक स्थान विचारात घेता त्याला दक्षिण वा पश्चिम विभागात टाकता आले असते. तथापि वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया ईगल्स व न्यू यॉर्क जायंट्स यांच्याशी असलेली जुनी चुरस राखण्यासाठी त्याला पूर्व विभागातच ठेवण्यात आले.

मानसशास्त्रातही या विषयाचा अभ्यास झाला आहे. गॅव्हिन किल्डफ व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांवरील अभ्यासात स्पर्धकांमधील साम्य, वारंवार होणाऱ्या लढती आणि तुल्यबळता हे घटक प्रतिस्पर्धा तीव्र करतात, असे आढळले. एकतर्फी निकालांनी चुरस मंदावते. बेअर्स–पॅकर्स मालिकेत मात्र पारडे दोन्ही बाजूंना झुकत राहिले. अनेक दशके एकूण विजयांत बेअर्स पुढे होते. २०१७ मध्ये पॅकर्सनी त्यांना मागे टाकले.

ऱ्हास

सर्वच प्रतिस्पर्धा टिकत नाहीत. स्टीलर्स व रेडर्स वेगवेगळ्या विभागांत असल्याने बाद फेरीतील गाठी थांबताच त्यांच्यातील धग ओसरली. न्यू इंग्लंड पेट्रियट्स व इंडियानापोलिस कोल्ट्स यांची चुरस प्रामुख्याने टॉम ब्रेडी व पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकभोवती फिरत होती. २००२ मध्ये दोन्ही संघांचे विभाग वेगळे झाले, तरी आपापल्या विभागात समान स्थान मिळवणाऱ्या संघांना पुढील हंगामात समोरासमोर आणणाऱ्या वेळापत्रकाच्या नियमामुळे त्यांचे सामने होतच राहिले. २०१२ मध्ये मॅनिंग डेन्व्हरला गेल्यावर या चुरशीचा मुख्य आधार नाहीसा झाला.

परिणाम

प्रतिस्पर्धेमुळे तिकीटविक्री व दूरचित्रवाणीचे उत्पन्न वाढते. दुसरीकडे प्रेक्षकांमधील शिवीगाळ व मारामारीमुळे तिच्यावर टीकाही होते. लीगने २००८ मध्ये प्रेक्षकांसाठी आचारसंहिता जाहीर केली.

प्रतिस्पर्धी संघांचे अस्तित्व परस्परांवर अवलंबून असते, हे ग्रीन बेच्या उदाहरणातून दिसते. १९५० च्या दशकात पॅकर्सचे मैदान लीगच्या दृष्टीने अपुरे ठरू लागले होते आणि संघ शहरात टिकेल की नाही, याविषयी शंका होती. १९५६ मध्ये नव्या मैदानाच्या खर्चासाठी सार्वमत घेण्यात आले. त्यापूर्वी बेअर्सचे संस्थापक जॉर्ज हॅलास यांनी स्वतः ग्रीन बे येथे येऊन मतदारांना मैदानाच्या बाजूने कौल देण्याचे आवाहन केले. प्रस्ताव मंजूर झाला. २९ सप्टेंबर १९५७ रोजी नव्या मैदानाच्या लोकार्पणाचा सामना बेअर्सशीच झाला आणि पॅकर्सनी तो २१–१७ असा जिंकला. १९६५ पासून हे मैदान लॅम्बो फील्ड या नावाने ओळखले जाते.