छात्रालय-जीवन, खानदेशातील
विद्यार्थ्यांच्या भावनिक संगोपनाची जबाबदारी शिक्षकाने स्वीकारल्याचे ठळक उदाहरण अमळनेर (जि. जळगाव, तत्कालीन पूर्व खानदेश) येथील प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात आढळते. पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (१८९९–१९५०) १९२४ मध्ये या शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. घर सोडून शिकण्याचे कष्ट व विद्यार्थिदशेतील मातृवियोग (१९१७) त्यांनी स्वतः अनुभवला होता. मुलांच्या खोल्या झाडणे, कंदिलांच्या काचा पुसणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करीत. शिक्षेऐवजी कृतीतून वळण लावण्याची ही रीत होती. ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक व ‘विद्यार्थी’ मासिक (१९२८) यांतून ते मुलांशी संवाद साधीत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले व धुळे येथील तुरुंगात गेले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या श्यामची आई (१९३५) या पुस्तकाने त्यांची वत्सल दृष्टी घरोघरी पोहोचविली. तथापि छात्रालयातील संगोपन प्रामुख्याने एका व्यक्तीच्या वात्सल्यावर अवलंबून होते. शाळांत समुपदेशक असावेत, अशी शिफारस राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) केली. अशी व्यवस्था उभी राहिली, तरी मुलांच्या नित्य सहवासातील शिक्षकाचे स्थान त्यामुळे गौण ठरत नाही.